विश्लेषण : गाडीच्या काळ्या प्लास्टिकवरचे पांढरे डाग समुद्राचे की जुन्या वॅक्सचे?

दिवाळीच्या सुट्टीआधी गाडीला वॅक्स पॉलिश करून घ्यायचे आणि माणगाव, म्हसळामार्गे हरिहरेश्वर गाठायचे, हा मुंबई-पुण्यातील अनेक कुटुंबांचा नेम. परतल्यावर बंपर, चाकांवरच्या कमानी आणि वायपरखालच्या जाळीवर पांढरट ओघळ दिसतात. मग खापर खाऱ्या वाऱ्यावर फुटते. मात्र दर वेळी दोष समुद्राचा नसतो. डाग कशाचा आहे हे न ओळखता घासाघीस केली, तर डागाबरोबर प्लास्टिकचा पोतही जातो आणि तो पुन्हा मिळत नाही.

वॅक्स काळ्या प्लास्टिकवरच का अडकते?

गाडीच्या पत्र्यावर रंगाच्या वर गुळगुळीत, पारदर्शक थर असतो. तिथले वॅक्स फडक्याने सहज पुसले जाते. बंपरचा खालचा भाग, दारांखालच्या पट्ट्या, चाकांच्या कमानी हे रंग न दिलेले भाग बहुतेकदा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. त्यांच्यावर साच्यातच बारीक, खरबरीत दाणा उठवलेला असतो. पॉलिशचा फडका रंगावरून घसरून तिथे गेला, की मेण त्या खाचांत बसते. काही पॉलिशमध्ये घासण्यासाठी ॲल्युमिनासारखी बारीक पूड असते. ती सुकली की काळ्यावर पांढरी उठून दिसते. मेण पाण्यात विरघळत नाही, म्हणून साध्या धुण्याने ते निघत नाही.

डाग मिठाचा, वॅक्सचा की उन्हाचा?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. किनाऱ्यालगत उभ्या केलेल्या किंवा बागमांडला-वेश्वी फेरीबोटीच्या उघड्या डेकवरून खाडी ओलांडणाऱ्या गाडीवर त्याचे तुषार बसतात. हे क्षार हवेतील ओल ओढतात. त्यामुळे मिठाचा डाग दमट सकाळी दिसेनासा होतो आणि दुपारच्या उन्हात पुन्हा उमटतो. गोड्या पाण्याने धुऊन गाडी पूर्ण सुकू दिल्यावर डाग नाहीसा झाला, तर तो मिठाचा होता.

धुतल्यावरही डाग राहिला, तर त्याची जागा आणि आकार पाहावा. वॅक्सचे डाग रंगीत पत्र्याच्या कडेला, फडका फिरल्यासारखे गोल किंवा पट्ट्यापट्ट्यांचे असतात. उन्हाने विटलेले प्लास्टिक मात्र सरसकट राखाडी दिसते, वरच्या बाजूला जास्त आणि सावलीतल्या बाजूला कमी. बोट फिरवल्यावर कधी खडूसारखी भुकटीही लागते. हा डाग नव्हे, प्लास्टिकची झीज आहे. ती धुऊन जात नाही.

जुने वॅक्स काढायचे कसे?

सौम्य उपायापासून सुरुवात करावी. गाडी सावलीत आणि थंड असावी. आधी गोड्या पाण्याची धार मारून मीठ-वाळू काढावी. वाळू तशीच ठेवून घासले, तर तिचाच पॉलिशपेपर होतो.

मग कोमट पाणी, कार शाम्पू आणि मऊ दातघासणीने दाण्याच्या सर्व दिशांनी हलके घासावे. छोट्या डागांवर शाळेतला पांढरा खोडरबर चांगला चालतो. तो खाचेतले सुके मेण उचलतो. तरीही डाग राहिला, तर मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल समप्रमाणात पाणी मिसळून फडक्यावर घ्यावे. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात वापरून पाहावे. ते पेट घेणारे असल्याने उघड्यावर आणि ज्योतीपासून दूर वापरावे.

शेंगदाण्याचे बटर चोळण्याचा उपाय जगभर सांगितला जातो. त्यामागचे तत्त्व खरे आहे, तेल मेणाला सैल करते. कोकणात घराघरांत असलेले खोबरेल तेलही तेच काम करते. मात्र नंतर शाम्पूने तेल पूर्ण काढावे लागते, नाही तर त्यावर रस्त्याची धूळ बसते.

कोणते उपाय टाळावेत?

डिझेल किंवा रॉकेलचा फडका मारला की प्लास्टिक काळेभोर दिसते. पण ती तेलाची चमक असते. खाली वॅक्स तसेच राहते आणि वर धूळ चिकटते. पेट्रोल आणि थिनर तर आगीला आमंत्रण आहे. त्यांचा ओघळ हेडलाइटच्या पॉलिकार्बोनेट काचेवर गेला, तर तिला बारीक तडे जाऊ शकतात. काथ्या, तारेची घासणी आणि पॉलिशपेपर दाणाच सपाट करतात.

उष्णतेचा उपायही जपून करावा. गाडीच्या वॅक्समध्ये वापरले जाणारे कार्नौबा हे ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरचे मेण. ते साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळत असले, तरी त्याच्या बरेच आधी नरम पडून वाकते. हीट गनची झोत त्यापलीकडे सहज जाते, म्हणून ती घरी वापरू नये.

पुन्हा डाग पडू नयेत म्हणून?

पॉलिश करण्यापूर्वी काळ्या भागांच्या कडेला रंगकामाची कागदी चिकटपट्टी लावावी आणि वॅक्स थोडेच घ्यावे. गाडी बाहेर पॉलिशला देताना हे आधीच सांगावे. साफ झालेल्या प्लास्टिकवर अतिनील किरणांपासून बचाव करणारे ट्रिम ड्रेसिंग लावले, तर खाचा भरलेल्या राहतात आणि पुढच्या वेळी मेण कमी बसते.

हरिहरेश्वरहून निघताना मात्र एवढे पुरे : मुक्कामाच्या ठिकाणी विचारून दोन बादल्या गोडे पाणी घ्यावे आणि ते बंपर, कमानी व जाळीवरून न घासता ओतावे. घरी पोहोचून गाडी सुकल्यावरही जे पांढरे उरेल, त्याचा दोष समुद्राला देता येणार नाही.