सतरा अंकी संख्या आणि कापरेकर गुरुजी

‘गणित आपल्या डोक्यात शिरणार नाही’ असे म्हणून दहावीनंतर पुढची वाट सोडून देणारी मुले आम्ही आमच्या वस्तीत दरवर्षी पाहतो. आम्हां कारकुनांचा दिवस आकड्यांतच जातो. म्हणून आज या पानावर मुद्दाम एक मोठी संख्या घेतली आहे. मुलांना जवळ बसवा, कागद-पेन्सिल घ्या आणि ती लिहा :

१२३४५६७८९८७६५४३२१

अंक सतरा. परार्धाला एकच अंक कमी. दुकानातल्या साध्या कॅलक्युलेटरवर ती मावत नाही. डावीकडून वाचा वा उजवीकडून, सारखीच. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येला तिनेच गुणले की ही संख्या मिळते.

यात चमत्कार काही नाही. आधी १११ ला १११ ने गुणून पाहा. शाळेतल्यासारखा गुणाकार मांडला की १११ च्या तीन ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या घरांची बेरीज १, २, ३, २, १. म्हणून उत्तर १२३२१. नऊ ओळी झाल्या की मधल्या घरात नऊ जमतात, हातचा कोठेच येत नाही. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा होतात, हातचा येतो आणि नक्षी मोडते : १२३४५६७९००९८७६५४३२१.

आता आपल्या सतरा अंकांची बेरीज करा. ती ८१ येते, कारण नऊ ओळींत प्रत्येकी नऊ एक आहेत. याच ८१ ने ही संख्या पूर्ण भागली जाते, बाकी शून्य. कारण सोपे आहे. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला ९ ने भाग जातो. तिलाच तिने गुणले की ९ गुणिले ९, म्हणजे ८१ ने भाग जाणारच.

आपल्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्येला ‘हर्षद’ म्हणतात, हर्ष देणारी. हे नाव देणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळामास्तर होते. वरच्या नक्षीदार संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटले. घाटकोपर-मुलुंडच्या वाचकांना गंमत वाटेल, ते नाव त्यांच्याच लाइनवरचे आहे. जुन्या जी. आय. पी. रेल्वेवरचे डेम्लो स्टेशन म्हणजे आजची डोंबिवली. त्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली.

कापरेकरांजवळ एम. ए.ची पदवी नव्हती. विद्वानांनी त्यांच्या कामाची फारशी दखल घेतली नाही. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. १९८६ साली ते वारले. ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते.

क्लासची फी परवडत नाही, हे दुःख खरे आहे. पण ‘असे का?’ हा प्रश्न विचारायला फी पडत नाही. मुलाने पाढा म्हटला की त्याला थांबवून एवढेच विचारा, हे असेच का येते? उत्तर तुम्हांला माहीत नसले तरी चालेल. दोघे मिळून मांडून पाहा.