ठाकर स्त्री आणि ‘जैत रे जैत’

पावसाळ्याच्या तोंडीं दादर स्टेशनाबाहेर कांहीं स्त्रिया शेवळांच्या जुड्या आणि काकडांचे वाटे मांडून बसलेल्या दिसतात. पुढें टाकळा येतो, मग कंटोळीं येतात, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशीं आपट्याचे डहाळे येतात. कर्जत-कसाऱ्याकडील डोंगरांतून पहाटेच्या गाडीनें या बाया मुंबईस उतरतात. शेवळें खाजरीं असतात, म्हणून तीं काकडांबरोबर शिजवावीं, हें गिरगांवांतील जुन्या गृहिणीस नेमकें ठाऊक असतें. परंतु विकणारी बाई ठाकर कीं कातकरी, हें तिनें सहसा विचारलेलें नसतें. ठाकरांविषयीं जी कांहीं ओळख दादर-परळच्या सुशिक्षित कुटुंबांत आहे, ती बहुतांशीं एका चित्रपटानें करून दिलेली आहे.

तो चित्रपट म्हणजे १९७७ सालचा ‘जैत रे जैत’. जैत म्हणजे जय. मूळ कादंबरी गो. नी. दांडेकरांची. डोंगरकिल्ल्यांच्या पायथ्याशीं राहणारीं माणसें त्यांनीं आयुष्यभर पायीं हिंडून पाहिलीं होतीं. निर्मिती उषा मंगेशकर यांची, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचें, संवाद सतीश आळेकर यांचे. पळसखेड्याचे शेतकरी कवी ना. धों. महानोर यांनीं गीतें रचलीं व हृदयनाथ मंगेशकरांनीं त्यांस चाली दिल्या. ज्यांनीं चित्रपट पाहिला नाहीं, त्यांच्याही कानांवरून हीं गीतें रेडिओनें अनेकदां नेलेलीं आहेत. त्या वर्षींचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार यासच मिळाला. दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ आणि नायक मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, असा योग मराठी चित्रसृष्टींत वारंवार येत नसावा!

कथा वरवर नाग्याची आहे. तो भगताचा मुलगा. पुण्यवंताला महादेव दिसतो, ही श्रद्धा त्याच्या मनांत रुजलेली. पुढें राणीमाशीच्या डंखानें त्याचा एक डोळा जातो, आणि ज्या डोंगराला देव मानलें त्या डोंगरावरचीं पोळीं उतरविण्याचा तो हट्ट धरतो. परंतु प्रेक्षकाच्या मनांत घर करते ती स्मिता पाटील यांनीं उभी केलेली चिंधी. ती लग्नाची बायको आहे. नवरा मनाजोगा नाहीं, म्हणून ती त्यास सोडते आणि आपण होऊन नाग्याचा हात धरते. शहरी प्रेक्षकास हें धाडस वाटतें. ठाकरवाडींत हें सोपें नसलें तरी अघटित नाहीं.

याचें कारण ठाकरांच्या विवाहरीतींत आहे. तेथें वरपक्ष वधूच्या पित्यास देज देतो. मुलगी म्हणजे राबणारे दोन हात. ते एका घरांतून दुसऱ्या घरीं जातात, म्हणून त्यांचा मोबदला. संसार न जुळला तर पंचांसमोर काडीमोड होते, स्त्री दुसरें घर करूं शकते, आणि पहिल्या नवऱ्याच्या देजाचा हिशेब पुरा करावा लागतो. विधवेसही पाट लावण्यास मोकळीक असते. मुंबई प्रांतांत हिंदु घटस्फोटाचा कायदा १९४७ सालीं झाला. त्यापूर्वीं गिरगांवच्या चाळींतील उच्चवर्णीय सुनेस जो मार्ग कायद्यानेंही खुला नव्हता, तो सह्याद्रीच्या उतरणीवरील तिच्या बहिणीस रूढीनें खुला होता. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानेंही, सरकारनें तसें जाहीर केल्याखेरीज, अनुसूचित जमातींस आपल्या कक्षेबाहेर ठेवून त्यांच्या रूढीस हात लावला नाहीं. ठाकरांच्या समाजजीवनाचा पद्धतशीर अभ्यास ज्यांस करावयाचा असेल त्यांनीं बदलापूरच्या चापेकरांचा १९६० सालचा इंग्रजी ग्रंथ अवश्य चाळावा.

मात्र या मोकळिकीचें फार कौतुक करून चालणार नाहीं. देजाला पैसा लागतो, आणि डोंगरांत पैसा सावकाराकडेच असे. ठाणें जिल्ह्यांतील वारल्यांत लग्नासाठीं कर्ज काढणारा तरुण बायकोसह सावकाराच्या घरीं वेठीस जुंपला जाई. त्यास लग्नगडी म्हणत. संसाराची पहिलीच रात्र गुलामगिरींत! गोदावरी परुळेकरांनीं १९४५ च्या वारल्यांच्या लढ्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकांत लिहिली आहे, आणि त्यांत सावकाराच्या हातीं सांपडलेल्या स्त्रियांची जी दैना आली आहे, ती वाचल्यावर डोंगरावरचें स्वच्छंद जीवन हा शब्दप्रयोग जिभेवर येत नाहीं. ‘जैत रे जैत’ मध्यें ही बाजू जवळजवळ नाहींच. तेथील लढा माशांशीं आणि देवाशीं आहे.

माशांविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. कड्यावर उघडें पोळें बांधणारी ती आग्या माशी. तिची राणी पोळें सोडून माणसास डसावयास येत नाहीं. डसतात त्या कामकरी माशा, आणि एकीनें नांगी मारली कीं त्या वासानें दुसऱ्या शेंकडों धांवतात. राणीमाशी ही कथेची सोय आहे. चिंधीसमोर तेवढ्याच तोलाची दुसरी मानिनी उभी करावी, असा कांहीं हेतु त्यामागें असावा. कर्नाळ्याच्या सुळक्यावर अशीं पोळीं असतात आणि तेथें जाणाऱ्यांनीं त्यांचा प्रसाद घेतलेला आहे.

कड्यावरून मध काढणाराचा जीव दोरावर असतो. दक्षिणेकडील मध गोळा करणाऱ्या कांहीं जमातींत हा दोर धरण्यास सख्खा भाऊ चालत नाहीं. बायकोचा भाऊच लागतो. भावाच्या विधवेशीं लग्न लावण्याची चाल असल्यानें सख्ख्या भावाच्या मनांत पाप येऊं शकेल, पण मेव्हणा आपल्या बहिणीचें कुंकू पुसणार नाहीं, असा त्यांचा रोकडा विचार. नात्याची अशी पारख शहरांतल्या वकिलासही सुचणार नाहीं.

नाग्याचा दोर मात्र त्याच्या बायकोच्या विश्वासानें वळलेला आहे. सगळी वाडी भीत असतां ती एकटी त्याच्या हट्टास साथ देते. पोळीं उतरतात, त्याचा पण पुरा होतो, आणि त्याच माशांच्या डंखांनीं चिंधी मरते. जैत त्याची, प्राण तिचा. कादंबरीकारानें हें मुद्दाम असें जुळविलें कीं पुरुषाच्या कथेंत स्त्रीच्या वांट्यास नेहमींच येतें तें आपोआप आलें, याविषयीं रसिकांत मतभेद राहतील. त्याच १९७७ च्या वर्षासाठीं स्मिता पाटील यांस उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण तो ‘भूमिका’ या हिंदी चित्रपटाकरितां. तेथेंही नायिका घर सोडून जाते, परंतु ती शहरांतली, आणि तिला काडी मोडून देणारे पंच कोठेंच भेटत नाहींत.