क्षयाचे सहा महिने आणि उसाचा हंगाम

पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे दौंड तालुक्यातल्या केडगावचे नाव महाराष्ट्राला परिचित झाले. ज्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास रमाबाई १८८६ साली फिलाडेल्फियात उपस्थित होत्या, त्या पुढल्याच वर्षी पुण्यात क्षयाने निवर्तल्या, तेव्हा कॉखने या रोगाचा जंतू दाखवून देऊन जवळजवळ पाच वर्षे लोटली होती, परंतु त्यावरील रामबाण औषध निघण्यास अर्धशतकाहून अधिक अवधी होता.

आज औषध आहे. अडचण कालमानाची आहे. पुष्कळसे जंतू अर्ध्या तासात दुणावतात, क्षयाच्या जंतूला सुमारे २० तास लागतात, आणि त्यांतले जे निद्रिस्त असतात त्यांच्यावर औषधाचा अंमल फार सावकाश चढतो. म्हणून दोन महिने चार औषधे व पुढे चार महिने तीन, असा हा दीर्घ उपचार. काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला थांबतो, रोगी गोळ्या सोडतो आणि शिल्लक राहिलेले जंतू पुढे त्याच औषधांना दाद देईनासे होतात.

गाळपाचा हंगामही पाच-सहा महिन्यांचाच. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या बीड, अहिल्यानगरकडून निघतात आणि दौंड-शिरूरसारख्या बागायती मुलखात उसाच्या फडालगत कोप्या घालतात. नवराबायको मिळून एक कोयता. त्यातला एक दवाखान्यात गेला की खाडा पडतो, आणि उचल काही फिटत नाही. मद्रास येथील प्रयोगाने १९५९ साली असे सिद्ध केले की, दरिद्री वस्तीत घरी राहून औषध घेणारा रोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. पण त्या रोग्यांची घरे निदान जागच्या जागी होती!

सरकारची ‘निक्षय’ ही नोंदणी रोग्यासह एका जिल्ह्यातून दुसऱ्यात नेता येते, गोव्यात तयार होणारे बॅटरीवरचे ‘ट्रूनॅट’ यंत्र छोट्या दवाखान्यातही थुंकी तपासते, आणि रोग्याच्या आहारासाठी दरमहा १,००० रुपयांची तजवीज नोव्हेंबर २०२४ पासून झाली आहे. आहाराची ही बाब गौण नव्हे: झारखंडात रोग्यांच्या घरच्यांना धान्य पुरविले, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले.

मुकादमाच्या वहीत उचलीपोटी प्रत्येक कोयत्याचे नाव आधीच लिहिलेले असते. आरोग्य खात्याने कारखान्यामार्फत ती यादी हंगामाच्या आरंभीच मागवावी, तपासणी फडावर करावी, आणि टोळी गावी परतण्यापूर्वी उरलेल्या गोळ्या व नोंदणीची बदली रोग्याच्या हाती द्यावी.