बिनगिलाव्याच्या भिंती

घराच्या भिंतीला गिलावा नसला, तर आपल्यांतील कोणीहि एवढेंच म्हणेल, कीं घरधन्याचे पैसे संपलेले दिसतात. वास्तुशांत झाली, पंगती उठल्या, परंतु मागची भिंत विटा दाखवीत तशीच उभी राहिली, असें घर दिसलें म्हणजे आमच्या मातोश्री म्हणत, "लग्न लागलें, पण नवरीला हळद लावायची राहून गेली." हा ग्रह मनांत बाळगूनच आम्ही गेल्या हिवाळ्यांत अहमदाबादेस गेलों. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या तेथें वास्तुविद्येचें शिक्षण घेत आहे. ती म्हणाली, "काका, जुन्या शहरांतल्या जाळ्या नि पोळी सगळेच पाहतात. मी तुम्हांला दोन दिवस काँक्रीट दाखवतें." काँक्रीट पाहण्यासाठीं पुणें सोडून एवढ्या लांब कशाला यावयास हवें होतें, असा प्रश्न आमच्या ओठांवर आला होता, पण मुलीचा उत्साह पाहून तो आम्हीं गिळला. दोन दिवसांच्या पायपिटींत त्याचें जें उत्तर मिळालें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. या पद्धतीच्या इमारतींना ‘ब्रूटॅलिस्ट’ असें म्हणतात. नांव ऐकून मनांत क्रौर्याची शंका येते, आणि कांहीं इमारती पाहून ती दृढहि होते! परंतु या नांवाचें मूळ फ्रेंच भाषेंत आहे. ‘बेतों ब्र्यूत’ म्हणजे कच्चें काँक्रीट, साच्यांतून निघेल तसेंच ठेवलेलें. फळ्यांचा साचा बांधावयाचा, आंत लोखंडी सळयांचा सांगाडा उभा करावयाचा, आणि त्यांत सिमेंट, वाळू, खडी व पाणी यांचें मिश्रण ओतावयाचें. तें घट्ट झालें कीं फळ्या काढून घ्यावयाच्या. आपण त्यावर गिलावा करून रंग देतों. या वास्तुकारांनीं तेथेंच हात आखडला. त्यामुळें फळीच्या रेघा, लाकडांतील गांठी, दोन फळ्यांमधील सांधे, हें सारें भिंतीवर कायमचें उमटून राहतें. संस्कृत शिकलेल्यांस ही गोष्ट चटकन् उमजेल. ज्यावर संस्कार झाला तें संस्कृत, आणि जें प्रकृतीप्रमाणें राहिलें तें प्राकृत. प्राकृत म्हणजे कांहीं असभ्य नव्हे. आपली मराठी त्याच घराण्यांतली आहे.

अहमदाबादेंत हें बीज रुजलें तें तेथील गिरणीमालकांच्या हौसेमुळें. १९५१ सालीं ल कॉर्ब्युझिए हे विख्यात वास्तुकार चंदीगड वसविण्याच्या कामासाठीं भारतांत आले, आणि अहमदाबादचे महापौर चिनुभाई चिमणभाई यांनीं त्यांस आपल्या शहरींहि बोलावून घेतलें. त्यांच्या योजनेप्रमाणें तेथें चार इमारती उभ्या राहिल्या: दोन खाजगी घरें, एक संग्रहालय आणि गिरणीमालकांच्या संघाची कचेरी. या कामांवर देखरेख करण्यास त्यांच्या पॅरिसच्या कचेरींतून बाळकृष्ण दोशी आले, आणि ते अहमदाबादचेच होऊन राहिले. हे दोशी जन्मानें पुणेकर. १९२७ सालीं, फर्निचरचा व्यवसाय करणाऱ्या एका मोठ्या एकत्र कुटुंबांत ते जन्मले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकले. वास्तुकलेंतील सर्वांत मोठें समजलें जाणारें प्रित्झकर पारितोषिक २०१८ सालीं त्यांस मिळालें. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. २०२३ च्या जानेवारींत ते निवर्तले.

पहिल्या दिवशीं सकाळीं आम्ही भद्रच्या किल्ल्यापासून निघालों. हा किल्ला पंधराव्या शतकांतला. अठराव्या शतकांत येथें पेशवे-गायकवाडांचा अंमल होता, म्हणून मराठी माणसाचें पाऊल येथें क्षणभर थबकतेंच. किल्ल्यासमोरच्या चौकांत दोशींनीं बांधलेलें प्रेमाभाई हॉल हें नाट्यगृह आहे. १८४८ सालीं स्थापन झालेल्या व पुढें गुजरात विद्यासभा या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या संस्थेची ही वास्तु, गेल्या शतकांतील सत्तरीच्या दशकांतली. काँक्रीटचा एवढा मोठा भार पुढें झेपावलेला पाहून आम्हांला प्रथमदर्शनीं भीतीच वाटली. हें नाट्यगृह कित्येक वर्षें बंद राहिलें. ज्या पायऱ्यांवर प्रेक्षकांची दाटी व्हावयाची, तेथें कबुतरें बसलेलीं होतीं. "आवडलें नाहीं ना?" पुतणीनें विचारलें. आम्हीं खरें तेंच सांगितलें, "नाहीं. पण नाटक बंद असलेलें नाट्यगृह कोणाला आवडेल?"

पुलावरून साबरमती ओलांडून आम्ही पालडीकडे वळलों. तेथें कॉर्ब्युझिए यांचें १९५४ सालचें संस्कार केंद्र आणि दोशींचें टागोर हॉल शेजारीं शेजारीं आहेत. संस्कार केंद्राचें आम्हीं बाहेरूनच दर्शन घेतलें. खांबांवर उचललेली चौरस पेटी, तिच्या उघड्या विटांच्या भिंती, आणि मधोमध आकाशाला मोकळा चौक. वाड्यांत वाढलेल्या माणसाला चौकाची ओळख करून द्यावी लागत नाहीं. गच्चीवर पाण्याचीं उथळ कुंडें करून त्यांत झाडें वाढवावींत, म्हणजे खालीं थंडावा राहील, अशी मूळ योजना होती. संस्कार केंद्र हें नांव, आणि भिंतीला गिलाव्याचा संस्कारच नाहीं, या विनोदावर आम्ही दोघेंहि हंसलों.

टागोर हॉलपाशीं मात्र आमच्यांतला शाळामास्तर जागा झाला. त्याच्या भिंती व छप्पर सरळ नाहींत; घड्या घातलेल्या कागदासारखीं तीं वळत गेलेलीं आहेत. एक कोरा कागद दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवून त्यावर पेन्सिल ठेवली, तर तो खचतो. त्याच कागदाला पंख्यासारख्या चुण्या घातल्या, तर तीच पेन्सिल तो सहज पेलतो. हाच न्याय येथें काँक्रीटला लावला आहे. त्यामुळें मधल्या खांबांवांचून सभागृहावर छप्पर घालतां आलें. दोशींच्या कल्पनेला हें बळ दिलें तें महेंद्र राज या स्थापत्य अभियंत्यांनीं. तीस वर्षें वर्गांत भूमिति शिकवितांना हें उदाहरण आम्हांस ठाऊक असतें, तर कांहीं मुलांचा तरी त्या विषयाशीं समेट झाला असता.

तेथून आश्रम रोडनें उत्तरेकडे बराच वेळ चालल्यावर गिरणीमालक संघाची कचेरी येते. हीहि १९५४ सालचीच. रस्त्यावरून एक लांब उतरण थेट पहिल्या मजल्यावर चढते. देवळाच्या पायऱ्या चढतांना मन जसें हळूहळू रस्त्यापासून सुटतें, तसें येथें होतें. इमारतीचीं मुख्य अंगें दोन, पश्चिमेस रस्ता आणि पूर्वेस नदी. दक्षिणोत्तर भिंती जवळजवळ बंद आहेत. अहमदाबादचें वैशाखांतलें ऊन ज्यानें सोसलें आहे, त्याला येथील खुबी कळेल. दुपारचें ऊन डोक्यावरून येतें, तें छज्जानें अडतें. पण पश्चिमेचें कललेलें ऊन छज्जाखालून सरळ घरांत शिरतें. म्हणून रस्त्याच्या बाजूस काँक्रीटच्या उभ्या फळ्या तिरप्या लावल्या आहेत. ऊन त्यांवर आदळून थांबतें, आणि वारा मात्र फटींतून आंत येतो. नदीच्या बाजूच्या फळ्या सरळ आहेत, कारण तिकडून वारा आणि नदी दोन्हीं हवीं होतीं. त्या काळीं येथून वाळवंटांत कापड धुणारे व वाळविणारे लोक दिसत. आतां नदीकाठहि काँक्रीटनें बांधलेला आहे. आम्हीं भिंतीवर हात फिरविला. फळीची गांठ बोटाला लागली. कोणा सुतारानें निवडलेली ती फळी केव्हांच जळून गेली असेल. तिचा ठसा सत्तर वर्षें राहिला आहे. सकाळची आमची भीति येथें मावळली.

दुसऱ्या दिवशीं रिक्षा करून आम्ही इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट या संस्थेचें आवार पाहावयास गेलों. दोशींच्या आग्रहावरून अमेरिकन वास्तुकार लुई कान यांनीं १९६२ सालीं हें काम अंगावर घेतलें. येथें राज्य विटेचें आहे. मोठमोठ्या कमानी, भिंतींत कोरल्यासारखीं प्रचंड वर्तुळें, आणि त्यांच्या आड गार सावलीच्या ओसऱ्या. कमानीचे पाय भारानें बाहेर सरकूं पाहतात. ते काँक्रीटच्या आडव्या पट्टीनें एकमेकांस बांधून टाकलेले आहेत. वीट दाबाला खंबीर, सळई घातलेलें काँक्रीट ताणाला खंबीर. प्रत्येकाला ज्याचें त्याचें काम दिलें आहे. एकत्र कुटुंब चालतें तें याच न्यायानें. १९७४ च्या मार्चमध्यें अहमदाबादेहून परत जातांना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनांत कान यांचा अंत झाला.

या इमारतींवरून मोठा वाद झाला. येथील अठरा वसतिगृहांपैकीं चौदा पाडून नवीं बांधण्याचा विचार संस्थेनें २०२० च्या डिसेंबरांत जाहीर केला. जगभरच्या वास्तुकारांनीं निषेध केला, आणि १ जानेवारी २०२१ रोजीं तो मागें घेण्यांत आला; पण २०२२ च्या नोव्हेंबरांत संस्थेनें पाडण्याची भूमिका पुन्हा घेतली. संस्थेचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. २००१ च्या भूकंपाचा धक्का, गळती, ओल, ढांसळणाऱ्या विटा. ज्या छपराखालीं मुलें झोंपतात, तेथें केवळ सौंदर्याचा विचार चालत नाहीं. उलट बाजूस, त्याच आवारांतील ग्रंथालयाची दुरुस्ती मुंबईच्या वास्तुकार बृंदा सोमाया यांच्या संस्थेनें केली आणि त्या कामास २०१९ सालीं युनेस्कोचें पारितोषिक मिळालें. म्हणजे रोग असाध्य होता असेंहि म्हणवत नाहीं.

हा रोग कसा होतो, तें पुतणीनें आम्हांस एका भेगेपाशीं उभें करून समजाविलें. पाणी मुरलें कीं आंतली सळई गंजते. गंजलेलें लोखंड फुगतें, आणि फुगतांना अंगावरचें काँक्रीट फोडून टाकतें. फुटल्या जागेंतून आणखी पाणी शिरतें. सुरुवात बहुधा एका तुंबलेल्या पन्हळीपासून होते. एवढें सांगून ती सहज म्हणाली, "काका, आपल्या वाड्याचीं कौलें शेवटचीं कधीं चाळलीं होतीं?"

आम्हीं मनांत हिशेब केला. अकरा वर्षें. आमचा वाडा चार पिढ्यांचा. भिंतींना ओल धरली, माजघरावरची तुळई वाळवीनें खाल्ली, तेव्हां वाडा पाडून तेथें सात मजली इमारत बांधण्याच्या कागदावर वडील म्हणून पहिली सही आमची झाली. त्या वेळीं ही मुलगी शाळेंत होती. ती तुळशीवृंदावनापाशीं बसून रडली होती. वाडा जुना झाला म्हणून पाडला, असेंच आम्ही आजवर सर्वांस सांगत आलों. त्या भेगेपाशीं तें वाक्य आमच्यानें उच्चारवेना. पूर्वीं वडील दर वैशाखांत कौलें चाळवून घेत. ते गेल्यावर हें काम कोणाचें, तें चौघा भावांत ठरलेंच नव्हतें. "अकरा वर्षें," आम्हीं सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. तिनें आमचा हात धरून पायऱ्या उतरविल्या.

इमारत टिकावी कीं जावी, हें आपण तिच्या वयावरून ठरवितों, आणि तेथेंच चुकतों. २०१७ च्या एप्रिलांत दिल्लीच्या प्रगति मैदानावरील ‘हॉल ऑफ नेशन्स’ हें राज रेवल यांचें १९७२ सालचें काँक्रीटचें भव्य प्रदर्शनगृह पाडण्यांत आलें. वारसा म्हणून विचार व्हावयास साठ वर्षें पुरीं व्हावयास हवींत, असें त्याविषयीं सांगितलें गेलें. त्याच वर्षीं जुलैंत अहमदाबादच्या जुन्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, आणि त्याबद्दल आम्हांला आनंदच आहे. पण साठीच्या आंतलें कोंवळें म्हणून राखावयाचें नाहीं, आणि साठीपुढचें जीर्ण म्हणून ठेवावयाचें नाहीं, असा हिशेब धरला तर हातीं काय उरणार? आम्हीं स्वतः साठी ओलांडली असल्यामुळें हा प्रश्न आम्हांस थोडा जवळचाहि वाटतो.

गिलावा म्हणजे संस्कार, हा आमचा ग्रह त्या दोन दिवसांत गेला. भिंतीवर एकदां चढविला आणि सुटलों, असा संस्कार कोणताच नसतो. तो दर वर्षीं करावा लागतो, आणि कोणाच्या तरी नांवावर लावून द्यावा लागतो. वाचकांपैकीं कोणी अहमदाबादेस गेले, तर त्यांनीं हिवाळ्यांत, सकाळच्या तिरप्या उन्हांत या इमारती पाहाव्या. भिंतीवर हात ठेवून पाहावा, आणि पन्हळींकडेहि नजर टाकावी.

घरीं परतल्यावर दुसऱ्याच दिवशीं आम्ही आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेलों. पाणी जाण्याच्या नळाच्या तोंडाशीं पिंपळाचें वीतभर रोप आलेलें होतें. तें मुळासकट काढून कुंडींत लाविलें, नळ साफ करविला, आणि हें काम दर वैशाखांत कोणीं करावयाचें, तें त्या रात्रीं जेवणानंतर सर्वांसमक्ष ठरवून टाकलें.