तिसऱ्या, कावीळ आणि आपले गटार

गेल्या महिन्यात एकाच घरातले तिघे कावीळ घेऊन माझ्या दवाखान्यात आले. डोळे हळदीसारखे पिवळे, अन्नावरची वासना उडालेली. गळ्यात काविळीच्या माळा होत्याच. त्यांविषयी पुन्हा कधीतरी. "डॉक्टर, पाणी तर आम्ही उकळूनच पितो," काकू म्हणाल्या. महिन्याभरापूर्वी काय खाल्ले होते, असे मी विचारले, कारण 'अ' प्रकारच्या काविळीचा विषाणू पोटात गेल्यावर लक्षणे दिसायला १५ ते ५० दिवस लागतात. बराच वेळ आठवून त्या म्हणाल्या, "खाडीतल्या तिसऱ्या."

त्या तिसऱ्यांनीच आजार दिला, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण संशयाला जागा आहे. तिसऱ्या, कालवे, शिनाणे हे जीव पाणी गाळून त्यातले अन्न खातात. पाण्यात सांडपाणी असेल तर त्यातले विषाणूही त्यांच्या अंगात साठतात. वाळू सुटावी म्हणून आपण तिसऱ्या रात्रभर पाण्यात ठेवतो. त्याने वाळू जाते, विषाणू जात नाही.

१९८८ च्या सुरुवातीला चीनमधल्या शांघाय शहरात सुमारे ३ लाख लोकांना 'अ' कावीळ झाली. सांडपाण्याने दूषित झालेल्या किनाऱ्यावरचे शिंपले लोकांनी नुसते गरम पाण्यातून काढून खाल्ले होते. तेव्हा शिंपले उघडले म्हणजे शिजले, असे समजू नये. आतला गर ९० अंशांपर्यंत तापून निदान दीड मिनिट तसाच राहायला हवा. म्हणून शिंपा उघडल्यावरही कालवण चांगले काही मिनिटे उकळू द्यावे.

पण हा झाला स्वयंपाकघरातला उपाय. मूळ दुखणे गटारात आहे. आमच्या गावात भुयारी गटार नाही. संडासाचे पाणी सेप्टिक टाकीत जाते. तिथे गाळ खाली बसतो, पण वरून निघणारे पाणी जंतूंनी भरलेलेच असते. ते शोषखड्ड्यात मुरायला हवे. गाळही दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो, नाहीतर टाकी नावापुरतीच उरते. प्रक्रिया केंद्र असेल तर गाळ बसवून, पाण्यात हवा खेळवून उपयोगी जीवाणूंकडून घाण खाववतात आणि शेवटी क्लोरीनसारख्या उपायाने जंतू मारतात. समुद्रात पोहण्याच्या जागी १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतले जीवाणू १०० पेक्षा जास्त नसावेत, असा आपल्याकडचा निकष आहे. समुद्र सगळे पोटात घेतो, असे आपण म्हणतो. खारे पाणी आणि ऊन यांनी बरेच जंतू मरतात हे खरे, पण काविळीचा हा विषाणू चिखलात आठवडेच्या आठवडे तग धरतो.

निघताना काकूंना विचारले, "तुमची टाकी शेवटची कधी उपसली?"

"टाकी? झाकण कुठं आहे तेच आता माहीत नाही. घर १९९८ सालचं."

"आणि पाण्याचा पाइप?"

"गटारात. सगळ्यांचाच तिकडे आहे. गटार खाडीला जातं ना!"