पोटातलं पाणी

मिस्त्रींनी जीपच्या मागच्या डिफरन्शियलचा खालचा बोल्ट सैल केला आणि डब्यात चहा पडू लागला. दुधाचा, दाट, किंचित फेसाळ. यायला हवं होतं मधाच्या रंगाचं ९० नंबरचं तेल. दोन दिवसांपूर्वी लांज्याच्या अलीकडे मी एक वहाळ ओलांडला होता. घरी येऊन गाडी लख्ख धुतली होती, टायरच्या खाचांत जुना टूथब्रश घालून.

"धुतलीत छान," मिस्त्री डब्याकडे बघत म्हणाले, "पण पोटात काय गेलंय ते बघितलंत का?"

बघितलं, पण कळेना. बिडाचं जाडजूड घर, दोन्ही टोकांना सील, कुठे तडा नाही. मग पाणी शिरलं कुठून? शिरलं नव्हतंच. गाडीने ते आत ओढून घेतलं होतं.

या घरात तेल थोडं असतं, उरलेल्या जागेत हवा. घाट चढून आल्यावर आतले दाते एकमेकांवर घासून तापलेले असतात. समजा ८० अंश. अशी गाडी पावसाळी वहाळात उतरली की घर बाहेरून झपाट्याने निवतं. आतली हवा ३० अंशांवर आली तर ती सुमारे एक सप्तमांशाने आकसते. दोन लिटर हवा असेल, तर पावणेतीनशे मिलिलिटरची पोकळी तयार होते. निसर्ग ती रिकामी ठेवत नाही. बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला ढकलतो आणि पाणी मिळेल त्या फटीतून आत येतं. इंजेक्शनच्या सिरिंजचा दट्ट्या मागे ओढावा, तसं.

ही फट मुद्दाम ठेवलेली असते, हे त्याहून गमतीचं. घराच्या माथ्यावर करंगळीच्या पेराएवढी एक टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. तापलेली हवा फुगते तेव्हा ती इथून बाहेर पडते, नाहीतर दाबाने सील फाडून तेलच बाहेर येईल. टोपी चिखलाने बुजली तर तेच होतं, आणि निवताना पाणी सीलच्या कडेने ओढलं जातं. टोपी मोकळी पण पाण्याखाली असेल, तर तिच्यातूनच. उपाय हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे: टोपीच्या जागी रबरी नळी लावायची आणि तिचं तोंड वर, बॉनेटखाली उंचावर नेऊन बांधायचं. पाण्यात डुंबणाऱ्या म्हशीच्या नाकपुड्या वर असतात ना, तसं.

आत गेलेल्या पाण्याला दाते घुसळतात. लोण्यासाठी ताक घुसळावं तसं, फक्त उलट दिशेने: इथे तेल आणि पाणी वेगळं होत नाही, एकत्र होतं. पाण्याचे सूक्ष्म थेंब तेलात तरंगत राहतात आणि प्रकाश विखुरतो, म्हणून तो दुधी रंग. दिसायला गोंडस, पण दात्यांमधला तेलाचा पातळ पडदा त्यामुळे तुटतो आणि पोलाद पोलादावर घासतं. गाडी मात्र बराच काळ काहीच तक्रार करत नाही. पुढच्या खेपेसाठी मिस्त्रींनी सांगितलेली युक्ती लक्षात ठेवली: पाण्यातून आल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवायची आणि सकाळी बोल्ट जेमतेम सैल करायचा. तेलापेक्षा पाणी जड. घुसळलं गेलं नसेल तर तळाशी बसलेलं पाणीच आधी टपकतं.

त्या दिवशी गाडीखाली आडवा पडलो होतो, म्हणून चेसीसही नीट दिसली. लांब, पोकळ, पेटीसारख्या तुळया आणि त्यांना खाली भोकं. ती भोकं पाणी निथळायला असतात. माझी सगळी लाल मातीने लिंपलेली होती. कोकणातल्या जांभ्याचा लाल रंग कशाचा? लोहाच्या ऑक्साइडांचा. आणि गंज म्हणजे काय? लोहाचंच पाणी धरलेलं ऑक्साइड. म्हणजे लाखो वर्षांच्या पावसाने खडकाचं जे केलं, तेच माझ्या चेसीसचं करायला पाऊस निघालाय, आणि आधी झालेला माल नमुना म्हणून चिकटवून गेलाय.

मला वाटायचं, गंजायला हवा लागते, म्हणजे मातीखाली झाकलेलं लोखंड उघड्यापेक्षा सुरक्षित. साफ चूक. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एकच थेंब ठेवून हे दाखवलं. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन भरपूर पोचतो, मध्यभागी कमी. आणि लोखंड खाल्लं जातं ते मध्यभागी! थेंबात चिमुकली बॅटरी तयार होते. ऑक्सिजन कमी असलेला भाग झिजतो, भरपूर असलेला वाचतो. ओल्या चिखलाचा प्रत्येक गोळा म्हणजे असाच एक थेंब, कित्येक दिवस न सुकणारा. म्हणून वरचा रंग चमकत असताना आतून पत्रा पापडासारखा होतो. समुद्राकाठी तर मीठ या बॅटरीला आणखी जोर देतं. तार घालून भोकं मोकळी करायची, नळीने आतून गोडं पाणी सोडायचं, पूर्ण सुकू द्यायचं, मग पोकळीत मेणासारखं गंजरोधक फवारायचं. आपल्याकडे पुष्कळजण गाडीला खालून काळं ऑइल फासतात. मला ते पटत नाही. रबरी बुश फुगतात, आणि पुढच्या पावसात ते ऑइल कुणाच्या तरी वहाळात उतरतं.

उरला क्रॉस. प्रॉपेलर शाफ्टच्या टोकांना असलेला अधिक चिन्हासारखा सांधा. युरोपात त्याला सोळाव्या शतकातल्या कार्दानो यांचं नाव आहे, इंग्रजीत सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूक यांचं. फिरणारी शक्ती वाकवून पुढे नेणारा हा सांधा एक लबाडी करतो. कोन ३० अंशांचा असेल आणि अलीकडचा दांडा मिनिटाला बरोबर १००० फेरे घेत असेल, तर पलीकडचा एकाच फेऱ्यात दोनदा ८६६च्या वेगापर्यंत रेंगाळतो आणि दोनदा ११५५पर्यंत पळतो. ही लबाडी मोडायला दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा क्रॉस बसवतात. पहिला जिथे पळतो तिथे दुसरा रेंगाळतो, आणि चाकाला काही कळतच नाही. अट एवढीच की दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टची दोन्ही टोकं एका रेषेत हवीत. म्हणून शाफ्ट सरकत्या जोडातून सोडवण्याआधी मिस्त्री दोन्ही भागांवर खुणेची रेघ ओढतात. जोडातला एक दाता इकडेतिकडे झाला तर लबाड्या एकमेकींना खोडायच्या ऐवजी गाडी थरथरू लागते.

या क्रॉसच्या चार टोकांना सुईएवढे बारीक रोलर असतात. धुलाई केंद्रातला जोराचा फवारा जवळून मारला की सीलच्या ओठाखालून पाणी थेट तिथे पोचतं, म्हणजे मी प्रेमाने धुऊनच ते बिघडवत होतो. ग्रीस हे नुसतं वंगण नव्हे. साबणाच्या तंतूंच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल ते, स्पंजात पाणी असावं तसं. आणि भरून वाहिलेलं ग्रीस सीलच्या कडेला बसून पाण्याला बाहेरच अडवतं. त्यामुळे ते मोजून घालायचं नसतं, जुनं बाहेर येईपर्यंत घालायचं असतं.

मिस्त्रींनी ग्रीस गन माझ्या हातात दिली. निपलवर तोंड बसवून दांडा दाबला. आधी आलं ते विटकरी, रवाळ, जांभ्याने भरलेलं. मग करडं. "अजून," ते म्हणाले. आणखी दोन दाबांनंतर चारही कडांतून पिवळं, स्वच्छ ग्रीस किंचित डोकावलं, तसं त्यांनी चिंधी पुढे केली आणि पुढच्या क्रॉसकडे बोट दाखवलं.