वाळवंटातील मुक्काम आणि त्यामागची माणसे

लॉज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एस. टी. स्टँडासमोरची इमारत उभी राहते. जिन्याखाली गल्ला, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या, आणि सकाळी गरम पाण्याच्या बादलीसाठी पोऱ्याला मारावयाची हाक. आफ्रिकेच्या दक्षिण भागात या शब्दाला निराळाच अर्थ आलेला आहे. तेथे लॉज म्हणजे वस्तीपासून दूर, रानात किंवा वाळवंटात, दहाबारा तंबूंचा किंवा गवती छपरांच्या खोल्यांचा तळ. तेथे जावयाचे ते वन्य प्राणी पाहावयास. आणि एका माणसाच्या एका रात्रीच्या मुक्कामाचे तेथे शेकडो अमेरिकन डॉलर, क्वचित हजारावर, मोजावे लागतात. गंमत अशी की, गरम पाण्याची बादली त्यांतील काही तळांवरही आहे. ती तंबूमागे झाडाला किंवा खांबाला टांगतात, खाली झारी लावतात, आणि पाहुणे त्या स्नानाचे कौतुक करतात!

आजचा विषय या कौतुकाचा नाही. ओसाड मुलुखात माणूस एवढे पैसे कशासाठी मोजतो, ती रात्र उभी करावयास काय लागते, आणि मोजलेला पैसा शेवटी कोणाच्या पदरात पडतो, हे समजून घ्यावयाचे आहे. उदाहरणासाठी नामिबिया हा देश घेऊ; कारण या तिसऱ्या प्रश्नाचा विचार तेथे कायद्याने केला गेला आहे.

देश आणि वाळवंट

नामिबिया आफ्रिका खंडाच्या नैर्ऋत्येस आहे. क्षेत्रफळ सुमारे ८ लाख २४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून अधिक. आणि लोकसंख्या २०२३ च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे ३० लाख. आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याची माणसे अडीच महाराष्ट्रांवर पसरून द्यावी, असा हा प्रकार आहे. पश्चिमेला अटलांटिक महासागर, आणि त्याला लागून नामिब नावाचे वाळवंट. हे जगातील अतिप्राचीन वाळवंटांपैकी एक मानले जाते.

समुद्राला लागून वाळवंट कसे, असा प्रश्न पडेल. या किनाऱ्याने बेंग्वेला नावाचा थंड पाण्याचा प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. थंड पाण्यावरील हवा थंड राहते, वर चढत नाही, आणि म्हणून पावसाचे ढग बनत नाहीत. त्याऐवजी धुके बनते आणि वाऱ्याबरोबर कित्येक किलोमीटर आत शिरते. तेथील काही कीटक आणि वनस्पती या धुक्याच्या ओलाव्यावरच तगून राहतात. वेल्विचिया नावाची एक वनस्पती तेथे आहे. तिला जन्मभर दोनच पाने असतात. ती वाऱ्याने फाटत फाटत वाढतात, आणि हे झाड शेकडो वर्षे जगते.

किनाऱ्यापासून आत गेले की वायव्येचा खडकाळ मुलूख लागतो. त्याला पूर्वी दामारालँड म्हणत. आता तो कुनेने प्रांतात मोडतो. हुआब, उगाब, होआनिब या तेथील नद्या वर्षातील बहुतेक दिवस कोरड्या असतात. पण वाळूखाली पाणी असते, आणि काठाने झाडे असतात. या पाण्यावर तेथील हत्ती जगतात. ते सोंडेने व पायाने पात्रात खड्डे उकरतात, पाणी झिरपण्याची वाट पाहतात, आणि त्यांचे झाल्यावर इतर प्राणी त्याच खड्ड्यांवर येतात. आपल्याकडे उन्हाळ्यात नदीच्या पात्रात विहिरा खणतात, तीच ही विद्या. याच मुलुखात काळा गेंडाही आहे. राष्ट्रीय उद्यानाबाहेर, कुंपणावाचून मोकळा हिंडणारा काळ्या गेंड्यांचा सर्वांत मोठा समूह जगात येथेच उरला आहे.

पाहुणा पैसे मोजतो ते याच्यासाठी. मुंबई, लंडन किंवा न्यूयॉर्क येथे पैसा टाकून मिळणार नाही अशी शांतता, दिव्यांनी न विटाळलेले आकाश, आणि पिंजऱ्यावाचून जनावर. ज्याची शहरात टंचाई, त्याची तेथे किंमत.

एक रात्र कशी उभी राहते

पाहुण्याचा दिनक्रम साधा असतो. पहाटे चहा, थंडीत अंगावर घोंगडी घेऊन उघड्या मोटारीतून प्राण्यांच्या मागावर फेरी, दुपारी तंबूत विश्रांती, संध्याकाळी टेकडीवर उभे राहून पेय घेत सूर्यास्त पाहणे, आणि रात्री शेकोटीजवळ जेवण. बहुधा जेवणानंतर तळावरील नोकरमंडळी गाणीही म्हणतात.

आता याच दिवसाकडे पाठीमागच्या बाजूने पाहा. जवळ बाजारपेठ नाही. म्हणून दूध, पीठ, भाजी, साबण, औषध सारे काही ट्रकने खडीच्या रस्त्यांवरून आणावे लागते, किंवा लहान विमानाने तळाजवळच्या धावपट्टीवर उतरवावे लागते. विहिरीतून पाणी वर ओढावयास वीज लागते. तारा येथवर येत नाहीत, म्हणून सूर्यशक्तीची यंत्रे बसवितात आणि अडीअडचणीला डिझेल जाळतात. कचरा परत वाहून न्यावा लागतो. मोटारीचा एखादा भाग मोडला तर तो दुसऱ्या दिवशी मिळेल याची शाश्वती नाही. पाहुण्याला आपण जगापासून दूर आलो असे वाटावे, म्हणून कोणीतरी रोज जगाशी सांधा जुळवीत असतो. पाहुण्याच्या पहाटेच्या चहासाठी आचारी त्याच्या आधी उठलेला असतो, आणि शेकोटी विझेपर्यंत वाढपी उभा असतो. ही माणसे घरी जाऊ शकत नाहीत. तळामागे त्यांची राहण्याची सोय असते, काही आठवडे सलग काम आणि मग काही दिवस रजा, असा क्रम असतो.

ही माणसे कोण, हे समजावयाचे तर थोडा इतिहास पाहावा लागेल.

जमीन आणि मजूर यांचा इतिहास

१८८४ साली जर्मनीने हा मुलूख आपल्या अमलाखाली घेतला. १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो व नामा या लोकांनी उठाव केला, तेव्हा जर्मन सैन्याने त्यांचा संहार केला. वाळवंटात हाकलून, पाणवठे अडवून, आणि छावण्यांत कोंडून. ज्या वाळवंटाच्या शांततेसाठी आज पैसे पडतात, त्या शांततेत हेही मिसळलेले आहे. पहिल्या महायुद्धानंतर मुलूख दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात गेला. १९६४ च्या ओडेंडाल आयोगाच्या योजनेप्रमाणे लोकांना वंशांप्रमाणे वेगळाल्या भागांत कोंबण्याचे ठरले. दामारालँड हा त्यांतलाच एक भाग. १९७३-७४ साली दक्षिण आफ्रिकेतील रीमफास्माक या ठिकाणचे लोक उठवून सुमारे हजार मैलांवरच्या या अनोळखी, कोरड्या मुलुखात आणून टाकण्यात आले. त्यांनी शेळ्यामेंढ्या पाळून येथे संसार मांडला.

मजुरीची व्यवस्था जमिनीच्या व्यवस्थेला साजेशी होती. उत्तरेकडील ओवाम्बो पुरुषांना एका सरकारमान्य भरती संस्थेमार्फत करारावर खाणींत, शेतांवर आणि मासळीच्या कारखान्यांत पाठवीत. बायकापोरे बरोबर नेण्यास बंदी. मालक निवडावयाचा नाही. मुदत संपण्यापूर्वी काम सोडले तर तो गुन्हा. २१ जून १९७१ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेचा अंमल बेकायदा असल्याचे मत दिले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात या करारी मजुरांनी संप पुकारला. तेरा हजारांहून अधिक मजूर कामावरून उठले आणि खाणी बंद पडल्या. तेथे संघटनेचा फंड नव्हता, कचेरी नव्हती, छापखाना नव्हता. वसाहतींतील चाळींतून तोंडी निरोप फिरला आणि संप झाला. ज्यांनी गिरणगावात संपाच्या सभा पाहिल्या आहेत, त्यांना या गोष्टीचे मोल सांगावयास नको. जुनी भरती संस्था मोडीत निघाली. व्यवस्था एकदम पालटली नाही, पण तिचा कणा मोडला.

२१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला. या प्रश्नाशी आपल्या देशाचा जुना संबंध आहे: १९४६ सालीच भारताने संयुक्त राष्ट्रसंघात या मुलुखाचा प्रश्न उचलून धरला होता, आणि स्वातंत्र्याच्या संक्रमणकाळात तेथील राष्ट्रसंघाच्या सेनेचे नेतृत्व जनरल प्रेमचंद या भारतीय सेनानीकडे होते. २०२२ च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात जे आठ चित्ते आले, तेही नामिबियाचेच.

पैशाची वाटणी

१९८० च्या सुमारास दुष्काळ आणि चोरटी शिकार यांमुळे या मुलुखातील हत्ती व गेंडे संपत आले होते. तेव्हा गार्थ ओवेन-स्मिथ या निसर्गरक्षकाने एक साधी गोष्ट ओळखली. शिकार कोण करतो हे गावाला ठाऊक असते. तेव्हा राखणदारही गावानेच नेमावे. गावप्रमुखांनी आपली माणसे नेमली, आणि त्यांना शिधा व थोडा पगार मिळू लागला. पुढे मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट याकोब्सन यांनी त्यांच्याबरोबर हे काम वाढविले, आणि १९९३ साली दोघांना गोल्डमन पारितोषिक मिळाले. १९९६ साली कायदा झाला: एखाद्या भागातील रहिवाशांनी हद्द ठरविली, सभासद नोंदविले, समिती निवडली आणि घटना केली, तर त्या भागातील वन्य प्राण्यांपासून व पर्यटनापासून होणाऱ्या उत्पन्नावर त्यांचा हक्क राहील. अशा संस्थेला तेथे कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. आपल्या सहकारी सोसायटीची ही दूरची बहीण समजावी. आज अशा ८६ संस्था असून देशाचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्या हद्दीत येतो.

१९९८ साली प्रथम नोंदल्या गेलेल्या चार संस्थांपैकी टोरा ही एक. रीमफास्माकचे ते उठविलेले लोक आणि दामारा लोक हे तिचे सभासद. तिच्या हद्दीत, हुआबच्या खोऱ्याजवळ, १९९६ साली वाइल्डरनेस सफारीज या कंपनीने गावकऱ्यांशी करार करून दामारालँड कँप हा तळ उभारला. करार असा की, मुक्कामाच्या निव्वळ उत्पन्नातील दहा टक्के संस्थेला द्यावयाचे आणि नोकरीत स्थानिक माणसांना प्रथम घ्यावयाचे. लवकरच टोरा देणग्यांवाचून आपला कारभार चालवू लागली. २००३ साली तिने सभासदांना रोख रक्कम वाटली. २००४ साली तिला संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. शेळ्या राखणारी एक मुलगी या तळावर वाढपी म्हणून लागली आणि पुढे तळाची व्यवस्थापक झाली.

ही गोष्ट अभिमानाची आहे. पण हिशेबनीस माणसाने वहीची दुसरी बाजूही वाचावी. शंभरातले दहा संस्थेला. स्थानिक नोकरांचे पगार वेगळे. उरलेल्यातून अन्न, डिझेल, दुरुस्ती, दलालांची अडत आणि भांडवलाचा नफा जातो, आणि यांतील पुष्कळसा भाग त्या मुलुखाबाहेर जातो. जमीन गावाची नाही. कायद्याने ती सरकारकडे आहे, गावाला मिळाला तो प्राण्यांवरचा आणि पर्यटनावरचा हक्क. शिवाय सिंह शेळ्या मारतो, हत्ती पाण्याच्या टाक्या मोडतो, आणि भरपाई नुकसानीइतकी कधीच नसते. लाभ संस्थेच्या खात्यावर जमा होतो, पण शेळी मेली ती एकाच्या गोठ्यातील. या दोहोंचा मेळ घालणे हे समितीचे रोजचे काम आणि रोजचे भांडण आहे.

दुसरा धोका २०२० साली दिसून आला. मार्च महिन्यात साथीमुळे सरहद्दी बंद झाल्या आणि तळ ओस पडले. जनावरे तीच, आकाश तेच, पण पाहुणा नाही म्हणून दहा टक्के शून्यावर आले. गावच्या राखणदारांचे पगार चालू ठेवण्यासाठी तातडीचा मदतनिधी उभारावा लागला. एकाच गिऱ्हाइकावर जगणारे गाव आणि एकाच गिरणीवर जगणारे गाव यांत फारसा फरक नाही.

तिसरी गोष्ट कामगारांची. त्यांना आज कायद्याचे संरक्षण आहे: २००७ च्या कामगार कायद्याने आठवड्याचे नेहमीचे काम ४५ तासांपुरते मर्यादित केले, आणि १ जानेवारी २०२५ पासून तासाला १८ नामिबियन डॉलर असे राष्ट्रीय किमान वेतन ठरविले, जरी शेतमजूर व घरकामगारांना ते टप्प्याटप्प्याने मिळावयाचे आहे. त्या २००७ च्या कायद्याने मजूर भाड्याने पुरविण्याचा धंदाच बंद केला होता. जुन्या करारपद्धतीची आठवण त्यामागे होती. ती बंदी २००९ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, आणि पुढे तो धंदा नियमांनी बांधण्यात आला. परंतु एका तळावर मोजकी माणसे, दुसरा तळ दिवसभराच्या वाटेवर, आणि राहण्याची खोली मालकाची. अशा ठिकाणी संघटना बांधणे किती अवघड, हे चळवळीत वावरलेल्या माणसाच्या तत्काळ ध्यानात येते. कारखान्याच्या दाराशी सभा घेता येते. येथे दारच नाही.

यावर उपाय म्हणून तळ बंद करा, असे तेथील लोक म्हणत नाहीत, आणि आपणही म्हणू नये. तळ गेला तर पगार जाईल, राखणदार जाईल आणि मागोमाग गेंडाही जाईल. प्रश्न वाट्याचा आहे. दहा टक्क्यांचे वीस कसे व्हावेत, केवळ भाडे घेणारे गाव तळाचे भागीदार कसे व्हावे, वाढप्याची व्यवस्थापिका होणे ही नवलाची बातमी न राहता रीत कशी व्हावी. हे करारानेच ठरेल, आणि करार चांगला करण्यासाठी गावाला हिशेब वाचता आला पाहिजे.

हा धडा आपल्याला अगदीच परका नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले आणि तेथल्या ग्रामसभेने आपल्या बांबूची विक्री स्वतः केली. ताडोबाभोवती आज मोठमोठी रिसॉर्ट उभी आहेत. वाघ पाहावयास आपणही जातो. तेथे उतरलो म्हणजे खोली थंड आहे का एवढेच न विचारता, आसपासच्या गावाचा या उत्पन्नात लेखी वाटा किती, नोकरांना पगार किती आणि साप्ताहिक सुटी मिळते की नाही, हेही विचारावे. पैसे मोजणाऱ्याला तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. आणि पुष्कळांनी विचारला म्हणजे मालकाला उत्तर तयार ठेवावे लागते.